दोन वाजताचा डोंगर

टपरीच्या पत्र्याला डबा लावून झाल्यावर
तापकीरांची रेणू एवढंच म्हणाली,
काका, याच्यावर कपडे टाकू नका.
पांढरा, पोह्यांच्या डब्याएवढा.
पोटात नखाएवढा पंखा.
कान लावला तर
काचेवर माशी अडकल्यासारखा आवाज.
"हवा आत ओढतो, मोजतो, सोडून देतो."
म्हटलं, म्हणजे आमच्यासारखाच की.
फक्त आम्ही मोजत नाही.

कालव्याच्या कडेला एकोणीस वर्षं इस्त्री करतोय.
हवा मला कॉलरीवरून कळते.
दोरीवर तासभर टांगलेला पांढरा शर्ट
संध्याकाळी हातात घेतला की
शिवणीत राखाडी रेघ.
गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच मळवला.
आता कॉलरीला पुरावा कोण मानतं?

चौकात पाटी आहे, हिरव्या अक्षरांची:
हवा समाधानकारक.
ती ज्या यंत्राचं ऐकते ते बागेत उभं आहे,
इथून साडेतीन किलोमीटर.
तिथल्या झाडांचं अभिनंदन.

आमच्या भागात असे अकरा डबे.
एक नर्सबाईंच्या गॅलरीत,
एक शाळेत, तो पोरांनी
पहिल्याच दिवशी उघडून पाहिला
आणि एक स्क्रू जास्तीचा उरवून
पुन्हा बंद केला. चालतो अजून.

पोराने फोनवर रेघ दाखवली.
दिवसभर चढउतार, पर्वतीच्या पायऱ्यांसारखा,
पण दोन डोंगर वेगळे.
एक रात्री दोनला.
एक सकाळी पावणेसातला, अगदी ठोक्याला.

पावणेसातला मी कोळसा पेटवतो.

सांगायला लाज वाटते, पण आठवडाभर
त्या वेळेला डब्यावर उशीचा अभ्रा घातला.
रेणूचा फोन आला,
"काका, रोज सकाळी तुमच्याकडे
एकदम महाबळेश्वर कसं काय होतं?"
मी म्हटलं, वारं असेल.
ती काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी अभ्रा काढला, धुतला,
ज्याचा होता त्याला देऊन टाकला.

आणि दोनचा डोंगर?
हौसा रोज दोनला उठून खोकते.
मी म्हणायचो, माठातलं पाणी पितेस, दुसरं काय.
तीन वर्षं म्हणायचो.
त्या रात्री रेघ बघत जागा राहिलो.
आधी रेघ उठली.
मग वास आला, वायरीचं प्लास्टिक जळतं तसा.
मग हौसा.

क्षेत्रीय कार्यालयात अकरा जण गेलो.
साहेबांनी कागद लांब धरून पाहिला.
"स्वस्तातली यंत्रं ही. भरवसा काय?
आणि हे सकाळचं बघा,
रोज पावणेसात म्हणजे पावणेसात.
हवा काय घड्याळ लावून येते?
यंत्रातच बिघाड आहे."

नर्सबाई रेणूकडे बघायला लागल्या.
रेणू टेबलाकडे.
मी उठलो. खुर्ची मोठ्यानं वाजली.
म्हटलं, बिघाड नाही साहेब, ते माझं आहे.
अर्धा किलो लाकडी कोळसा, रोज.
रविवारी टपरी बंद, रविवारचा कागद बघा.

साहेबांनी बघितला.
रविवारी डोंगर नव्हता.

म्हटलं, जे यंत्र माझ्याबद्दल खरं बोललं
ते दुसऱ्याबद्दल खोटं कशाला बोलेल?
पावणेसातचा मी कबूल केला.
दोनचा ज्याचा असेल त्यानं हात वर करावा.

खोलीत पंखा होता, तो तेवढा फिरत राहिला.
साहेबांनी चहा सांगितला.
चहा चांगला होता, आल्याचा.
अर्ज ठेवून घेतला, शिक्का दिला,
शिक्क्यावरची तारीख मात्र कालची पडली.

गॅसच्या इस्त्रीची चौकशी करून आलोय.
शेगडी, नळी, सिलिंडर धरून
आकडा ऐकून परत आलो, पण भाव विचारून ठेवला.
तोवर सकाळी कोळशाला वारा घालताना
डब्याकडे पाठ करत नाही.
लिही बाबा, म्हणतो, माझंही लिही.

काल रात्री हौसा उठली.
मी घड्याळ पाहिलं नाही.
उशाची वही ओढली
आणि अंधारातच, ओळ तिरकी गेली तरी,
लिहिलं: आजही.